दुसऱ्या पसंतीचा नट

वार्ना शहरातल्या नटसंघाच्या पारितोषिकासाठी यंदा तीन नटांची नावं होती, आणि तिसरा नट ओग्न्यान याने उरलेल्या दोघांना, कालिनला आणि झाहारीला, एकच शब्द दिला होता: "माझी पहिली पसंती तुलाच." कालिन त्याला नाटकात घ्यायचा. झाहारीच्या मालिकेत तो डॉक्टर होता, आणि झाहारीच्या मनात आलं तर तो डॉक्टर कुठल्याही भागात मरू शकत होता.

मत द्यायचं म्हणजे तिघांना क्रम लावायचा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ओग्न्यान मतपत्रिकेपुढे घाम पुसत बसला. एकाला पहिला ठेवावा तर दुसऱ्याशी बेइमानी. शेवटी त्याने पहिल्या जागी स्वतःचंच नाव लिहिलं. मतदान गुप्त होतं, कुणाला कळणार?

समारंभात तो नेमका दोघांच्या मधे बसला. निवेदिका म्हणाली, "यंदा सगळा कारभार उघड. कुणाला किती जणांनी पहिली पसंती दिली, ते आधी पडद्यावर दाखवू."

ओग्न्यानने रुमाल काढून कपाळ पुसलं.

"घाम का फुटलाय तुला?" कालिनने विचारलं.

"गरम होतंय."

"मी कोट घालून कुडकुडतोय."

पडद्यावर आकडे आले. कालिन वीस. झाहारी वीस. ओग्न्यान एक.

"हा एक कोण रे?" झाहारीने हळूच विचारलं.

"असेल कुणी दयाळू."

"माझ्या विसात तू आहेस ना?" कालिन म्हणाला.

"त्याच्या विसात कसा? माझ्या विसात आहे तो," झाहारी म्हणाला. मग दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात गुणांची बेरीज आली. कालिनच्या माणसांनी झाहारीला शेवटी टाकलं होतं, झाहारीच्या माणसांनी कालिनला. मधली जागा सगळ्यांनी निरुपद्रवी म्हणून ओग्न्यानला दिली होती. कालिन ब्याऐंशी, झाहारी एक्याऐंशी, ओग्न्यान त्र्याऐंशी.

तो मंचावर गेला. कॅमेरा रोखलेला असल्यामुळे दोघांना टाळ्या वाजवाव्या लागल्या.

"पुढच्या भागात ऑपरेशन आहे," तो खाली उतरल्यावर झाहारी म्हणाला. "डॉक्टरवरच."

कालिन पाठ फिरवून निघून गेला.

बाहेर ओग्न्यानची बायको रुम्याना आपला आणि त्याचा कोट घेऊन उभी होती. ती नाट्यगृहाचे कपडे शिवायची, म्हणजे संघाची सभासदच.

"त्या एका मताने घात केला माझा," ओग्न्यान म्हणाला. "माझंच होतं ते. पण एकच..." तो थांबला. "एकच कसं? दोन हवी होती."

रुम्याना त्याच्या कोटाची बटणं लावू लागली.

"तू कुणाला पहिला ठेवलास?"

"कालिनला. छान काम केलं त्याने."

"आणि मला?"

"दुसरा," ती शेवटचं बटण लावत म्हणाली. "म्हणून तर जिंकलास."