लोणी ट्रकमधूनच जाईल

"भावजी, हट्ट सोडा. लोणी माझ्या गाडीत घाला," शेषगिरी म्हणाला. "तुमच्या या भट्टीत हेब्बाळपर्यंत त्याचं तूप होईल."

गुंडोने बॉनेटमधून डोकंही वर काढलं नाही. हेब्बाळच्या मारुतीला लोण्याने सजवायचं, तर ते वीस किलो लोणी बंगळुरूच्या दुसऱ्या टोकाहून, बनशंकरीच्या गुंडोच्या घरातूनच जायचं, हा तीस वर्षांचा मान. यंदा त्यावर मेव्हण्याचा डोळा होता. ज्याच्या गाडीतून लोणी उतरणार, त्याचं नाव पुजारी घेणार. पूजा अकराला, आता साडेनऊ, आणि जुन्या ट्रकच्या एसीतून नुसती गरम वाफ येत होती.

"लोणी याच ट्रकमधून जाईल. नाहीतर मारुती यंदा कोरडा राहील!"

"अहो, जीभ सांभाळा," कावेरी म्हणाली. ती एकाची बायको, दुसऱ्याची अक्का; म्हणजे दोन्हीकडून तीच मधे.

काल मेकॅनिकने बॉनेट न उघडताच निकाल दिला होता: कॉम्प्रेसर गेला, अख्खा बदला. याला ताप आला तर हा डोकं बदलतो का? गुंडोने त्याला हाकलून दिलं होतं.

बटण दाबलं की कॉम्प्रेसरच्या क्लचची चकती 'टक्' करून फिरत्या पुलीला चिकटते, मग गारवा. ती चिकटतच नव्हती. गुंडोने बॅटरीवरून थेट क्लचला वायर लावली. टक्!

"ऐकलंस? क्लच जिवंत आहे! चोर लेकाचे!"

"मग वायर तशीच राहू द्या," कावेरी म्हणाली.

"मग कॉम्प्रेसर थांबायचाच नाही. जळेल."

फ्यूज ठीक होता. राहिला रिले, क्लचला वीज सोडणारी काळी डबी. गुंडोने फ्यूजपेटीचं झाकण उघडलं. जागा रिकामी!

"मेकॅनिकनेच ढापली! पोलिसांत जातो मी!"

"जा. पण आधी आठवा," कावेरी म्हणाली. "दिवाळीत हॉर्न बंद पडला, तेव्हा इथली डबी उपटून हॉर्नला कुणी लावली? 'थंडीत एसी कशाला,' कोण म्हणालं?"

शेषगिरी इतका हसला की त्याला स्वतःच्या गाडीला टेकावं लागलं. "दुकानं अकराशिवाय उघडत नाहीत, भावजी. एकच डबी, हॉर्न किंवा एसी. आणि हॉर्नशिवाय या ट्रॅफिकमध्ये? घ्या माझी चावी."

गुंडोने हॉर्नची डबी उपटली आणि एसीला ठोकली. टक्.

"तुझी अक्का हॉर्न वाजवेल," तो म्हणाला.

आणि तिने वाजवला. अर्धं अंग खिडकीबाहेर काढून, रिकाम्या पातेल्यावर पळी बडवत. बसवाले ब्रेक मारत होते, रिक्षावाले हात जोडत होते. मागे शेषगिरी नव्या गाडीचा हॉर्न दाबून दाबून थकला. त्याला कुणी विचारेना.

"एसी स्वल्प कमी करा हो, गारठले मी."

"नाही! फुल्ल!"

पावणेअकराला लोणी देवळात उतरलं. पुजाऱ्यांनी डब्यात बोटं खुपसली, आणि झटकली.

"गुंडोराव, हा तर दगड आहे! मूर्तीला लागणार कसा? लवकर मऊ करा."

शेषगिरीचा चेहरा उजळला. गुंडोने बाहेर पाहिलं. ट्रक झाडाखाली होता. मेव्हण्याची नवी गाडी रणरणत्या उन्हात, काचा बंद.

"शेषू, चावी दे. लोणी तुझ्या गाडीत घालू."

"आत्ता? मग ते माझ्या गाडीतून उतरलं असं होईल, भावजी!"

"ट्रकमधून उतरलंय, सगळ्यांनी पाहिलंय," गुंडो डबा उचलत म्हणाला. "मान माझाच. भट्टी तेवढी तुझी."