ओटीपी मागणारा नवरा

फसवणूक या विषयात आमच्या बँकेत माझा हात धरणारा कुणी नाही! म्हणजे फसवणूक करण्यात नव्हे हो, ओळखण्यात. एकोणतीस वर्षं कॅश काउंटरला काढली आहेत मी. दर सोमवारी शाखा उघडली की रांगेतल्या ग्राहकांसमोर उभा राहून पाच मिनिटं खणखणीत भाषण ठोकतो. ओटीपी कुणालाही सांगू नका! साहेबाला नाही, पोलिसाला नाही, सख्ख्या भावाला नाही! लोक माना डोलावतात. काही जण तर माझं भाषण संपेपर्यंत स्लिपसुद्धा भरत नाहीत.

आणि बायकोला तर मी असं तयार केलं होतं की विचारू नका. शाखेतल्या वेगवेगळ्या लोकांच्या फोनवरून, आवाज बदलून तिला फोन करायचो. कधी कुरिअरवाला, कधी गॅस एजन्सी, एकदा तर थेट मंत्रालय! ती कधीच फसली नाही. शेवटी मी तिला बजावलं, "हे बघ, आजकाल यंत्रावर कुणाचाही आवाज काढतात. उद्या माझ्या आवाजात मागितला तरी ओटीपी द्यायचा नाही."

"तुमच्या आवाजात?"

"हो! मी आहे याची खात्री पटल्याशिवाय अजिबात नाही."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' मला किती महागात पडणार आहे, याची तेव्हा मला काय कल्पना!

तर झालं असं, की देशभरातल्या बँक कर्मचाऱ्यांसाठी कौशल्य विकासाची एक मोठी योजना निघाली. प्रत्येकाने ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं, मग कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा द्यायची. नापास होईल त्याने पुढच्या महिन्याच्या एक तारखेला प्रशिक्षण केंद्रात दाखल व्हायचं. मुक्काम दोन महिने, रजा नाही. केंद्र इथून एका अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर.

आणि चार तारखेला बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन! सात महिने खेटे घातल्यावर मिळालेली तारीख. घरात आम्ही दोघंच. तिला उठवायला, बसवायला, धरून चालवायला माझ्याशिवाय कोण आहे?

"काळजी घ्या हं," मॅनेजरसाहेब म्हणाले. "कॅमेरा फार कडक आहे म्हणे. तीन ताकिदी मिळाल्या की परीक्षा रद्द."

"साहेब, विषय कुठला आहे? फसवणूक प्रतिबंध! मी पेपर सोडवणार नाही, मी पेपर तपासून देईन!"

शनिवारी दुपारी दोन वाजता आतल्या खोलीत लॅपटॉप मांडून बसलो. नियमाप्रमाणे दाराला आतून कडी, मोबाइल खोलीबाहेर बायकोच्या हातात. पलीकडून लक्ष ठेवायला एक मुलगी होती. दिसत नव्हती, नुसता आवाज.

"सर, परीक्षा संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. कुणाशी बोलायचं नाही. शुभेच्छा."

पहिले दहा प्रश्न मी फडाफड सोडवले. अकराव्याला लॅपटॉप किंचाळला. पहिली ताकीद!

"सर, आपण कुणाशी बोलताय?"

"कुणाशीच नाही!"

"आपले ओठ हलतायत."

आता काय सांगू हिला? एकोणतीस वर्षं नोटा मोजल्यावर माणसाचे ओठ आपोआप हलतात. मी झोपेतही हलवतो. दात आवळून पुढे सुरुवात केली. तेवढ्यात बाहेरची बेल वाजली आणि माझी मान गर्रकन दाराकडे वळली. काउंटरवर बसणाऱ्याची मान आहे ती, कुणी आलं की वळणारच! दुसरी ताकीद! एव्हाना सदरा पाठीला चिकटला होता. आता मान वळली, तर बायको एकटीच हॉस्पिटलात जाणार, एवढंच डोक्यात.

मान ताठ, ओठ बंद, अशा अवस्थेत मी चाळिसाव्या प्रश्नापर्यंत पोहोचलो आणि वीज गेली. अर्ध्या मिनिटात आली म्हणा, पण इंटरनेट तुटलं. पुन्हा जोडलं गेलं तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं होती. परीक्षेत पुन्हा प्रवेशासाठी मोबाइलवर पाठवलेला सहा आकडी ओटीपी टाका. वेळ, दहा मिनिटं.

मोबाइल बाहेर. मी आत. उठलो तर तिसरी ताकीद!

"मॅडम, बायकोला हाक मारू का?" मी काकुळतीला येऊन विचारलं.

"फक्त ओटीपीपुरतं बोला, सर. खुर्ची सोडू नका."

"अगं ए! माझ्या मोबाइलवर ओटीपी आलाय! वाच बघू मोठ्याने!"

दारापलीकडून बायकोचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? मी बोलतोय!"

"मी कोण?"

"अगं, तुझा नवरा! दार बंद करून मी आत बसलोय, तुझ्या डोळ्यांदेखत आलो की!"

"आत माझा नवरा गेला, बरोबर. पण आवाज लॅपटॉपमधून येत नाही कशावरून? यंत्रावर कुणाचाही आवाज काढतात म्हणे."

मी कपाळावर हात मारला. कॅमेऱ्याने तेही टिपलं असणार.

"अगं, ते मीच सांगितलं होतं तुला!"

"तेच म्हणतेय. खात्री पटल्याशिवाय द्यायचा नाही, असं आमच्या ह्यांनी बजावलंय. ते बँकेत आहेत."

आठ मिनिटं राहिली!

"विचार! काय वाटेल ते विचार!"

"लग्नाची तारीख?"

मी धाडकन सांगितली. परीक्षेच्या अर्जात भरावी लागली होती, म्हणून जिभेवर होती.

"चूक," बायको म्हणाली.

"चूक कशी? बरोबर आहे ती!"

"तारीख बरोबर आहे. पण आमच्या ह्यांना ती कधीच आठवत नाही. तुम्ही दुसरेच कुणीतरी आहात."

लॅपटॉपमधून कसलासा आवाज आला. ती मुलगी खोकत होती की हसत होती, देव जाणे. सहा मिनिटं!

"तू रात्री घोरतेस!" मी ओरडलो.

"ते वरच्या मजल्यालाही माहीत आहे."

"अगं बाई, तुझ्या गुडघ्यासाठी चाललंय हे सगळं! मी नापास झालो तर चार तारखेला तुझ्याजवळ कोण थांबेल?"

बाहेर स्टूल सरकवल्याचा आवाज आला. बायको बसली असावी. उभं राहिलं की तिचा गुडघा ठणकतो.

"एकच प्रश्न विचारते," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी आपल्या स्कूटरच्या इंजिनाला खर्च किती आला?"



"अठरा हजार."

"गॅरेज कुठलं?"

"ते... बंद पडलं."

"बिल?"

"हरवलं."

"मग इंजिन नवं असून अजून सायकली आपल्या पुढे कशा जातात?"

चार मिनिटं! वाचकहो, आता तुमच्यापासून तरी काय लपवायचं? समोर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे ती मुलगी, दाराबाहेर बायको, आणि मधे मी, फसवणूक प्रतिबंधाचा तज्ज्ञ!

"इंजिन बदललंच नाही," मी पुटपुटलो.

"ऐकू आलं नाही."

"इंजिन बदललं नाही! मला फोन आला होता! हेड ऑफिसमधून बोलतोय म्हणाला, खातं बंद होईल म्हणाला, आणि मी... मी ओटीपी दिला! अठरा हजार गेले! झालं समाधान?"

दोन वर्षं हे ओझं मी एकटा वाहत होतो. दर सोमवारच्या भाषणात घसा फोडून ओरडायचो ना, ते ग्राहकांसाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त होतं.

"सर," लॅपटॉपमधून हळूच आवाज आला, "दोन मिनिटं."

आणि बायकोने एकेक आकडा सावकाश, स्पष्ट वाचला. मी तसाच टाकला. परीक्षा पुन्हा सुरू! पुढचाच प्रश्न होता, 'आपला ओटीपी कुटुंबातील व्यक्तीच्या ताब्यात देणे योग्य आहे काय?' मी डोळे मिटून 'नाही'वर बोट दाबलं.

साडेतीनला निकाल आला. चौऱ्याऐंशी टक्के, उत्तीर्ण! लॅपटॉप मिटला आणि तीन ढांगांत दार गाठलं. बायको स्टुलावर पाय लांब करून बसली होती, माझा मोबाइल मांडीवर.

"पास झालो!"

"ऐकलं. छान झालं."

"आता पटली ना खात्री, मीच आहे म्हणून?"

"खात्री? पहिल्या हाकेलाच ओळखलं होतं तुम्हाला. एवढं खेकसून ओटीपी मागणारा चोर कुठे असतो?"

"आणि ते अठरा हजार?"

"खातं दोघांचं आहे ना? पैसे गेल्याचा मेसेज माझ्याही फोनवर आला होता. त्याच दिवशी."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस? आणि आज दहा मिनिटं माझा जीव टांगणीला लावलास!"

"बोलले नाही? दहादा विचारलं इंजिनाचं. दर वेळी तुम्ही चप्पल घालून बाहेर पडायचात." बायकोने मोबाइल माझ्या हातात ठेवला. "आज तुम्हाला उठून जाता येत नव्हतं."

चार तारखेला ऑपरेशन झालं, अगदी व्यवस्थित. मी पूर्ण वेळ तिच्या खाटेला खुर्ची लावून बसलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं, पेशंटला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. बायकोने डोळे उघडले, माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "आता निवांत आहोत, तर तुमच्या मित्राच्या त्या प्लॉटमध्ये घातलेल्या पैशांचं काय झालं, ते सांगा!"