शेठला हरवायचं न्हाय

बसवराजला लाज म्हणून काही उरली नाही, याबद्दल त्याच्या आईच्या, चंद्रव्वांच्या मनात तिळभर शंका नव्हती. पोरीचं लग्न ठरवायच्या वयाचा बाप्या, अन् रोज सकाळी गच्चीवर जाऊन वाकून उभा राहतो, ढुंगण मागं काढतो आणि काठीनं एक पांढरी गोटी आडव्या पेल्यात ढकलतो! मोबाइलवर बघून शिकत होता म्हणे. पेल्यात गेलेली गोटी चंद्रव्वांना कधी दिसली नाही. वाळत घातलेल्या कुरडयांत मात्र ती हमखास सापडायची.

"कारखान्यातले निम्मे माग झोपलेत, अन् मालक गोट्या खेळतोय!" असं त्या जिन्यात उभ्या राहून, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणायच्या.

खरं तर खेळ त्या मागांसाठीच होता. पुण्याचे जोतीरामशेठ म्हणजे हॉटेलांचे मालक. त्यांची टॉवेलची ऑर्डर मिळाली तर झोपलेले माग उठणार होते, आणि न मिळाली तर जागे असलेलेही झोपणार होते. शेठनं नमुने ठेवून घेतले आणि म्हणाला, "या एकदा आमच्या क्लबवर. साहेबाच्या काळातलं गोल्फचं मैदान आहे. खेळू, जेवू." ऑर्डरीबद्दल अवाक्षर नाही.

"मीबी येणार," चंद्रव्वांनी जाहीर केलं.

"अव्वा, तू तितं काय करणार?"

"माणूस बघणार. मोबाइलात दिसतंय व्हय माणूस?"

पुण्याच्या वाटेवर टेंभुर्णी मागं पडली तशी त्यांनी मुद्द्याला हात घातला. "बसू, ध्यानात धर. शेठला हरवायचं न्हाय. हरलेलं गिऱ्हाईक घासाघीस करतंय, जिंकलेलं सही करतंय."

"म्हंजे मुद्दाम हरू?"

"मग काय जिंकून उरावर बसतोस त्याच्या?"

बसवराजनं मोठा उसासा सोडला. "एवढी मेहनत केली की गं! पण तू म्हणतीस तर हरतो."

मैदान बघून चंद्रव्वा गार झाल्या. "अय्यो देवरे! एवढी जमीन, एवढं पाणी, अन् पीक काय, तर गवत. त्यातबी एक म्हैस न्हाय!" काठ्यांची पिशवी वाहणारा बिरुदेव मूळचा दुष्काळी सांगोल्याचा निघाला. त्याला हे दुःख लगेच समजलं.

शेठ हसतमुख, अघळपघळ माणूस. चंद्रव्वांना वाकून नमस्कार केला, बॅटरीवरच्या गाडीत सावलीला बसवलं, आणि म्हणाला, "पाहुणे आधी!"

बसवराजचा पहिला चेंडू थेट झाडीत गेला. त्यानं आईकडं बघून डोळा मिचकावला. चंद्रव्वांचा ऊर भरून आला. काय सोंग वठवतंय पोरगं!

शेठनं झाडीकडं पाहिलं, पाहुण्याकडं पाहिलं, आणि आपला चेंडू तळ्यात घातला. "हात घसरला हो!"

मग बसवराजनं वाळूच्या खड्ड्यात मारला. शेठ लगोलग त्याच्या मागं वाळूत. पुढच्या वेळी बसवराजची काठी जमिनीत शिरली आणि मातीचं ढेकूळ चेंडूच्या पुढं जाऊन पडलं.

"मुद्दाम हं, अव्वा," तो कानाशी येऊन म्हणाला.

"कळतंय रे. पर जरा कमी कर, संशय यील."

संशय आला तो बिरुदेवला, आणि तोही भलत्याच माणसाचा. "मावशी, शेठ असं कदीच खेळत न्हाईत. जिंकणाऱ्यांच्या फळ्यावर नाव हाय त्यांचं. आज कुणाची दृष्ट लागली काय की!"

मागून खेळत येणारे आता खोळंबले होते. त्यातले एक रिटायर कर्नल आधी खोकले, मग ओरडले, शेवटी चालतच आले. तोवर दोन्ही चेंडू कसेबसे भोकाजवळ पोचले होते, अगदी वीतभर अंतरावर. फुंकर मारली असती तरी आत गेले असते. पण बसवराज ढकलायचा तो भोकाच्या डावीकडून, शेठ ढकलायचा तो उजवीकडून.

"तुमची पाळी."

"छे छे, पाहुण्यांची."

"यांना चेंडू आत घालायचाय की नाही?" कर्नलनी आभाळाला विचारलं.

ऊन तापलं होतं, आणि चंद्रव्वांच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. त्या गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि तरातरा मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"शेठ, सरळ बोलते. माझं पोरगं सकाळधरनं हरायला बघतंय, अन् तुमी हरू देईना झालाय. एकदाचं हरू द्या त्याला, करा ऑर्डरीवर सही, की आमी भाकरी खायला मोकळे!"

बसवराजचा चेहरा त्याच्याच टॉवेलसारखा पांढरा पडला. गेली ऑर्डर. गेले माग.

शेठ मात्र हसत हसत गवतावर बसला. "मावशी, मीही तेच करतोय की! पाहुणा पहिल्यांदा आलाय, त्याला हरवून कसा पाठवू? आणि ऑर्डरीचं कशाला मनावर घेता? टॉवेल घरी धुऊन, वापरून बघितले मी. ऑर्डर कालच तयार ठेवलीय, जेवताना द्यायची होती."

चंद्रव्वांनी पदर डोळ्यांना लावला. उन्हानं पाणी येत होतं, दुसरं काही नाही.

"आता मात्र खरं खेळायचं," शेठ उठला. त्यानं बघितलं न बघितल्यासारखं करून चेंडूला टिचकी दिली. टुपकन आत.

"बघ आता, अव्वा," बसवराज म्हणाला. "सोंग संपलं."

तो वाकला. ढुंगण मागं काढलं. एक डोळा मिटला, श्वास रोखला. कर्नलसुद्धा वाकून बघायला लागले. त्यानं मारलं.

चेंडू भोकाला वळसा घालून पुढं गेला, कडेच्या उताराला लागला, आणि काही घाई नसल्यासारखा गडगडत गडगडत तळ्यात उतरला.

कर्नलनी डोक्यावरची टोपी काढली. चंद्रव्वा लेकाजवळ गेल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बसू," त्या म्हणाल्या, "वाटंत उगंच तोंड शिणवलं रे मी. तुला हरायला कुणी सांगायची गरजच न्हवती."