अशी कोणी इथं नाही

सुदर्शन साहेबांना त्या सोमवारी सकाळी चौथ्यांदा परदेशातली लॉटरी लागली, तेव्हा त्यांचा संयम सुटला. वाळूजमधल्या स्कूटरचे आरसे बनवणाऱ्या कंपनीचे ते मॅनेजर. लॉटरीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तीच लॉटरी शिपायांनाही लागते, हे मात्र त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांनी कम्प्युटर सांभाळणाऱ्या मेघाला बोलावलं.

"ह्या फालतू मेल बंद कर बाई. काहीपण कर, पण बंद कर."

मेघाला हेच हवं होतं. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरची तिची ही तिसरी खेप. तिला कायम करण्याची फाईल पुण्याच्या हेड ऑफिसात पोचली होती आणि शुक्रवारी निर्णय यायचा होता. अशा वेळी साहेबांच्या नजरेत भरणं बरं. तिनं मेलच्या दारावर पहारा बसवला. यादीत ज्याचं नाव, त्याचीच मेल आत. बाकीच्या दारातूनच माघारी, वर 'अशी व्यक्ती इथं नाही' हा शेरा. आता फक्त यादी हवी होती.

कंपनीत यादी म्हटली की बद्रीनाथ. सत्तावीस वर्षं मस्टर त्यांच्या ताब्यात होतं, आणि मस्टरवर जो नाही तो जन्मलाच नाही अशी त्यांची श्रद्धा होती. साहेबांचा हुकूम निघाला की यादी बद्रीनाथ देतील आणि त्यांच्या सहीशिवाय तिच्यातला काना-मात्राही बदलायचा नाही. मंगळवारी संध्याकाळी यादी आली. मेघानं खालची सही पाहिली आणि यादी तशीच यंत्रात भरली. वरची नावं काही तिनं पाहिली नाहीत.

शुक्रवारी दुपारी साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले. चेहऱ्यावर तेज होतं.

"मान गए! तीन दिवसांत एकपण मेल नाय. झोपसुद्धा लागायली चांगली."

"एकपण नाही?" मेघानं विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याच्या हेड ऑफिसातून मंजुषा बोलत होती.

"तुमच्याकडे मेघा नावाच्या कोणी आहेत का हो?"

"मीच मेघा."

"तुमचं मशीन तर नाही म्हणतंय. तुम्हाला कायम केल्याची ऑर्डर तीनदा परत आली. साहेबांना पाठवून पाहिली, तर तेही तिथं नाहीत म्हणे! हे बघा, आज पाचपर्यंत तुमचा होकार मेलवर आला पाहिजे. नाहीतर जागा रद्द होते."

चार वाजले होते. मेघानं यादी प्रथमच वाचली आणि ती घेऊन बद्रीनाथांकडे धावली.

"काका, साहेबांचा पत्ता नुसता 'सुदर्शन' आहे. तुम्ही 'सुदर्शनसाहेब' लिहून ठेवलंय!"

"मंग? सत्तावीस वर्सांत साहेबाचं नुसतं नाव लिहिलं नाय मी. आता काय अरे सुदर्शन म्हणू का?"

"बरं, माझं नाव कुठंय?"

"तुझं कुठून येईल? यादी मस्टरवरून उतरवली. मस्टरमधी दोनच रकाने, कायम अन् निवृत्त. तू तर करारावर."

"अहो, मला कायम केल्याचीच ऑर्डर अडकलीय!"

"व्हय? लई झ्याक झालं! ती ऑर्डर आणून दाव, आत्ता नाव घालतो."

"यादीत नाव नसलं तर ऑर्डर येणार कशी?"

बद्रीनाथांनी चष्मा काढून प्रामाणिकपणे विचार केला. "ते कम्प्युटरचं हाय पोरी. ते तू बघ."

मेघाला रडूच कोसळलं. तीन वर्षं मान मोडून काम केलं, आणि तिनं स्वतः बसवलेला पहारेकरी तिलाच ओळखत नव्हता. डोळे पुसता पुसता तिची नजर यादीतल्या शेवटच्या नावावर गेली. कडुबा! हा शिपाई दोन वर्षांमागं निवृत्त होऊन चितेगावला शेळ्या राखत होता. मेल कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण यादीत तो ठणठणीत होता. तिनं तिथूनच पुण्याला फोन लावला.

"मंजुषाताई, कडुबाच्या पत्त्यावर पाठवा! तो मी इथून उघडते."

"पत्ता कंपनीचा आहे ना? मग चालेल."

पाचला दहा मिनिटं कमी असताना ऑर्डर आली. मेघानं घाईघाईनं खालचं 'मान्य आहे' दाबलं आणि चहा मागवला.

सोमवारी कडुबाच्या पत्त्यावर दोन पत्रं दिसली. पहिलं शुक्रवारचंच होतं. श्री. कडुबा यांना कम्प्युटर विभागात कायम करण्यात येत आहे. दुसरं सकाळी आलेलं. श्री. कडुबा यांचं वय साठ असल्यानं ते आजपासून निवृत्त होत आहेत. मेघानं पुण्याला फोन लावला.

"पत्ता ज्याचा, माणूस तोच, असं आमची सिस्टीम धरते," मंजुषा म्हणाली. "तुमच्या फाईलवर त्यांचं नाव अन् जन्मतारीख चढली. पण तुम्ही वाचूनच मान्य केलंत ना?"

"म्हणजे मी निवृत्त झाले? सव्विसाव्या वर्षी?"

"फक्त कागदोपत्री. दुरुस्तीचा अर्ज करा. सात-आठ महिन्यांत होईल."

मेघा दोन्ही पत्रं आणि फाईल मूळची मेघाचीच असल्याचा, मंजुषानं कडुबाच्याच पत्त्यावर धाडलेला खुलासा घेऊन बद्रीनाथांपुढं जाऊन बसली. बद्रीनाथांनी सगळं दोनदा वाचलं, मस्टर उघडलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आता कसं नियमात बसलं! ही फाईल तुझी, फाईल निवृत्त, म्हंजी तू निवृत्त. आता तुझं नाव यादीत घालाया काय बी हरकत नाय."

त्यांनी तिथल्या तिथं नाव लिहून सही ठोकली. मेघानं ते यंत्रात भरलं. पुण्याच्या फाईलवर तिचा जुना पत्ताही होताच. पाचच मिनिटांत तिच्या त्या स्वतःच्या पत्त्यावर पहिली मेल आली. ही मात्र तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. पुण्याहून आलेलं निरोप समारंभाचं आमंत्रण होतं ते, आणि शेवटची ओळ होती, 'आपणांस शाल व नारळ देण्यात येईल.'

"बघ, पोचली का नाय?" बद्रीनाथ मायेनं म्हणाले. "यादीत नाव असलं की माणसाला सगळं वेळेवर मिळतं."