फिल्टर मळू नये म्हणून

गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी पाण्याच्या टाकीशेजारी अवजड द्रव-गाळण यंत्रणा बसली आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी. माणूस मावेल एवढं स्टीलचं नळकांडं, वर सहा बोल्टांचं झाकण, त्याखाली रबरी वॉशर, आत जाळीची टोपली आणि टोपलीत गाळ धरणारी पांढरीशुभ्र पिशवी. पाणी आत येतं तिथे दाबाचं एक मीटर, बाहेर पडतं तिथे दुसरं. दोन्ही काट्यांत फरक पडला की पिशवी भरली असं समजून ती धुवायची, असं फिटर रणजीत सांगून गेला. तो सांगत होता तेव्हा आम्ही सगळे उद्घाटनाच्या नारळाकडे बघत होतो.

सरपंच उकंडराव पिशवी हातात घेऊन गहिवरले. इतकी शुभ्र वस्तू गढूळ पाण्यात घातली तर तपासणीच्या साहेबांना दाखवायचं काय? पिशवी पाकिटासकट ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली आणि यंत्रणा सुरू झाली.

भर पावसाळ्यातही काटे एकमेकांच्या बरोबरीत राहिले. साहेबांनी आधी काटे पाहिले, मग कपाटातली पिशवी पाहिली, आणि ‘आदर्श गाळमुक्त फिल्टर’ असं प्रशस्तिपत्र दिलं. चहा मात्र त्यांनी बाटलीतल्या पाण्याचा करायला लावला.

इकडे अंगणवाडीतली लेकरं जुलाबाने आडवी झाली. तिथल्या मदतनीस सुमनबाई घागर घेऊनच ग्रामपंचायतीत आल्या. घागरीच्या तळाशी बोटभर गाळ होता.

“पिशवी टाका नं त्याच्यात.”

“मळंल नं ती, सुमनबाई!” उकंडराव म्हणाले.

“मंग काय तिला हळद लावता? मळायलाच आणली!”

“अन् काटा हालला तर? जिल्ह्यात नाव खराब व्हईल.”

“लेकरं वाळून राहिली, अन् तुमी काटे सांभाळून राहिले!”

आम्हाला लाज वाटली. खरंच वाटली. पिशवी बसवली. नळाला निवळशंख पाणी आलं आणि लेकरं अंगणवाडीत पुन्हा दंगा घालू लागली. मग काटा सरकला. आम्ही झाकण उघडलं, तर पिशवीत चिखल.

नेमके त्याच वेळी साहेब आले.

“इतके दिवस स्वच्छ असलेला फिल्टर! कुणी घाण केला?”

आम्ही सगळ्यांनी सुमनबाईंकडे पाहिलं.

सुमनबाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. पिशवी धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून पुन्हा कपाटात ठेवण्यात आली. काटे जागेवर आले. लेकरं पुन्हा आजारी पडली, पण त्यांना मीटर नाही.

तुम्ही हसताय. हसा की. फक्त हसून झालं की घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक तेवढं काढा. बटणं दिसेनाशी झाली आहेत.

काय म्हणता? मळेल?