शंकरअण्णांचे उखाणे

उखाणे बायकांनी घ्यायचे, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. पण आमच्या बंगळुरातल्या जयनगरच्या बिल्डिंगमधले पंचाहत्तरीचे शंकरअण्णा रोज एक उखाणा रचतात, आणि प्रत्येकात नाव स्वतःचंच! सकाळी मी दारात रांगोळी काढत असले की वही घेऊन हजर.

"वैनी, स्वल्प ऐका. 'कॉफीला लागतं दूध गरम, शंकरराव वरून कडक, आतून नरम.' पास की रिजेक्ट?"

अण्णा मूळचे निपाणीचे. उभा जन्म बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेला, त्यामुळे जगात जाती दोनच: पास आणि रिजेक्ट. माझी आमटी आठवड्यातून दोनदा रिजेक्ट होते, पण वाटी रिकामीच परत येते, बरं का!

एकदा मी म्हटलंच, "स्वतःचीच आरती किती ओवाळाल, अण्णा?"

"माझ्यासाठी नाही हो. सुमनसाठी."

सुमन म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षं झाली, तिला विसरायला होतंय. डॉक्टरांनी तिला विचारलं, "यजमानांचं नाव काय?" सुमननं मान खाली घातली. डॉक्टरांनी कागदावर फुली मारली. अण्णा तिथंच भांडले, "पन्नास वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नाही, तुमच्यापुढं घेईल? तुमचा पेपरच रिजेक्ट!"

घरी आल्यावर मात्र धास्तावले. खरंच विसरली असेल तर? 'अहो' म्हणते, पण हल्ली ती वॉचमनलाही 'अहो' म्हणते. तेव्हा त्यांना सुचलं, उखाण्यात तरी नाव घ्यायची मुभा असते.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "सुमन, नाव घे गं." अण्णांकडून रोज ऐकून ऐकून उखाणा तिला पाठ झालेला. "कॉफीला लागतं दूध गरम..." इथवर आली आणि थांबली. स्वयंपाकघराच्या दारात अण्णा वही छातीशी धरून उभे. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"माझ्यादेखत लाजतेय," अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "मी गच्चीवर जातो. मग विचारा."

गेले. मी पुन्हा विचारलं, तर सुमनला उखाणाच आठवेना. हातात तिळगूळ तसाच, नजर दाराकडे.

"अगं, हे कुठं गेले?"

"कोण गं?"

"कोण काय? आमचे हे! मला सांगितल्याशिवाय कधी जात नाहीत."

मी जिन्यात जाऊन ओरडले, "अण्णा, खाली या! पास झालात."