दोन ग्रॅमची सुई

माळ्यावरच्या खोक्यात अकरा रेकॉर्ड निघाल्या. तीन टायपिंगचा वेग वाढवणाऱ्या, चार लष्करी बँडच्या, दोन पक्ष्यांच्या आवाजांच्या, एक फुटकी आणि एक आईची.

आईची म्हणजे तिच्या कॉलेजच्या वृंदगानाची. पाकिटावरच्या फोटोत ती दुसऱ्या रांगेत दोन वेण्या घालून उभी आहे. दुसऱ्या गाण्यात दोन ओळी आपण एकटीने गायलो, असं ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे. त्या ओळी घरात कुणीच ऐकलेल्या नाहीत, बाबांनीसुद्धा.

"त्या ओळींना पुरावा नाही," दादा दर वेळी म्हणतो, आणि आई दर वेळी हसून विषय बदलते.

"पुरावा मी देते," मी म्हणाले. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल लोक कानाने निवडतात आणि फसतात. मी मोजून निवडणार होते.

दुकानात जाताना बरोबर छोटा काटा आणि गवंड्याची पाणसळ घेतली. काटा काउंटरवर मांडला तशी दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"ताई, सोनाराचं दुकान पुढच्या गल्लीत आहे."

"मला सुईचा दाब मोजायचाय."

त्याने पेटीसारखा बंद होणारा एक प्लेअर पुढे सरकवला. "पहिल्यांदा घेताय ना? मग हाच बरा. यात सगळं येतं."

मी त्याची सुई काट्यावर टेकवली. साडेपाच ग्रॅम.

"हा माझ्या आईला नांगरून काढेल."

"कुणाला?"

"रेकॉर्डला. एकच प्रत आहे आमच्याकडे."

मग त्याने कोपऱ्यातलं एक वापरलेलं, जड टर्नटेबल दाखवलं. त्याचा दाब कमीजास्त करता येत होता. मी तो दोन ग्रॅमवर आणला, तबकडीला कागदाचा कपटा चिकटवला आणि फेरे मोजले. तीन मिनिटांत बरोबर शंभर, हवे होते तेवढेच! पाणसळीतला बुडबुडासुद्धा मधोमध बसला. किंमत माझ्या साठवलेल्या पैशांत जेमतेम बसत होती.

"एकदा ऐकून तरी बघा," दुकानदार काकुळतीला आला. त्याने एक रेकॉर्ड लावली. छान वाजली. पण छान हे काही माप नव्हे.

"बाकीचं आहे ना घरी?" बांधून देताना त्याने विचारलं.

"सगळं आहे," मी म्हणाले. काटा होता, पाणसळ होती, रेकॉर्ड पुसायला मऊ फडकंही होतं.

घरी पोचले तर आईने समोरच्या काका-काकूंना बोलावून ठेवलेलं. ती स्वतः चापूनचोपून साडी नेसून बसली होती, जणू गाणं आत्ता, समोर, तिलाच म्हणायचं होतं.

मी टेबल पाणसळीत आणलं, रेकॉर्ड पुसली, श्वास रोखून सुई टेकवली.

शांतता.

"वाद्यं जुळवत असतील," बाबा म्हणाले.

काकू आईकडे कौतुकाने झुकल्या. "फार नाजूक आवाज आहे हो तुमचा."

"आधी दोन मिनिटं स्तब्धता असते का?" काकांनी विचारलं.

दादा एव्हाना टेबलामागे पोचला होता. "ही वायर कुठे जाते?"

"कुठे जायला हवी?"

"स्पीकरला."

मी दुकानदाराला फोन लावला. "अहो, तुमच्याकडे तर वाजत होतं."

"काउंटरखाली माझे स्पीकर होते, ताई. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर होता. म्हणून तर विचारलं, बाकीचं आहे ना."

दादाने काट्याकडे पाहिलं, मग पाणसळीकडे. "नवरदेव सोडून सगळी वरात आली म्हणायची."

पुढच्या पगाराशिवाय नवरदेव येणार नव्हता. आई उठली. "असू दे. चहा टाकते," ती म्हणाली, पण ते 'असू दे' मला साडेपाच ग्रॅमच्या सुईसारखं रुतलं. जाता जाता ती झाकण लावायला टर्नटेबलवर वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"शू. ऐकू येतंय."

खरंच येत होतं. खाचेतून जाताना सुई स्वतः थरथरते आणि पुटपुटते; पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. आम्ही सगळेच वाकलो. काकांचं टक्कल दादाच्या कपाळावर आपटलं. इतक्यात मागे राहिलेले बाबा त्यांच्या नेहमीच्या दणदणीत चालीने पुढे निघाले आणि सुई टुणकन उडाली.

"तिथेच थांबा," आई म्हणाली. "पाय उचलू नका."

"एक उचललाय. त्याचं काय करू?"

"हळू ठेवा."

बाबांनी तो अंड्यांवर ठेवावा तसा ठेवला. दादाने पंखा बंद केला, मग फ्रिजही. मी सुई पुन्हा दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला टेकवली. डासांची सभा भरल्यासारखा चाळीस मुलींचा कोरस सुरू झाला. मग तो थांबला आणि एकच आवाज उरला, दोऱ्याइतका बारीक, पण सरळ.

दोन ओळी झाल्या. कोरस परत आला. आईने वर पाहिलं नाही.

"परत लाव," दादा म्हणाला.

मी मोबाइलमधला आवाज मोजायचा मीटर सुरू केला.

"आता काय मोजतेस गं?" काकू कुजबुजल्या.

खोलीतली शांतता: तीस डेसिबल. आईच्या दोन ओळी, सुईपासून वीतभर अंतरावर: सदतीस.